तळ्यात गेलेलं दुकान

वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी भूगोल घेऊन पदवीला बसणाऱ्या बाईला लोक दोनच प्रश्न विचारतात. आता कशाला, आणि भूगोलच कशाला? मावशीकडे पहिल्याचं उत्तर नव्हतं आणि दुसऱ्याचं फार लांबलचक होतं. त्यामुळे ती गिऱ्हाइकालाच उलट विचारायची, "कंबर किती आत घेऊ?" कंबरेचा विषय निघाला की माणसं बाकी सगळं विसरतात.

तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं, तळ्याशेजारच्या चौकात, अगदी कोपऱ्यावर. पँट आखूड कर, चेन बदल, जाड झालेल्यांना सैल कर आणि बारीक झाल्याचा भास झालेल्यांना घट्ट कर, असा उद्योग. एके दिवशी तिथे एक बाई कोट घेऊन आल्या. दोन्ही खिशांची अस्तरं फाटून लोंबत होती. मावशीनं विचारलं, खिशात काय ठेवता एवढं? त्यावर बाईंनी पिशवीतून एक दगड काढून टेबलावर ठेवला. खिशात दगड घालून हिंडणारं शहाणं माणूस मावशी प्रथमच पाहत होती. हा दगड एके काळी समुद्राच्या तळाचा चिखल होता, असं त्या बाई म्हणाल्या, आणि मावशीचं मशीन थांबलं. शाळेत भूगोलात तिचा हात कोणी धरत नसे. पुढे आधी धाकट्या भावाचं शिक्षण, मग स्वतःचं लग्न, मग मुलीचं शिक्षण, मग सासूबाईंचं आजारपण, अशी रांग लागली आणि त्या रांगेत ती सगळ्यात मागे उभी राहिली. दुसरा खिसा शिवून होईपर्यंत तिनं प्रवेश कसा घ्यायचा ते विचारून घेतलं होतं. त्या बाई म्हणजे भूगोल विभागाच्या मॅडम.

वर्गात सगळे तिला मावशीच म्हणायचे. पहिलं वर्ष संपेपर्यंत मॅडमही म्हणायला लागल्या. आता ती दुसऱ्या वर्षाला होती, आणि स्वभाव म्हणाल तर शिस्तीचा. वर्गात कुणी जांभई दिली तरी ती मागे वळून बघायची. पोरं तिला घाबरत आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी तिच्याच दुकानात येऊन बसत, कारण तिच्यासारख्या आकृत्या कुणाच्याच नसायच्या. कागद असो की कापड, रेघ सरळ यायलाच हवी, हा तिचा खाक्या.

भूगोल म्हणजे नद्यांची आणि राजधान्यांची नावं पाठ करणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी दुसऱ्या वर्षाचं सर्वेक्षण एकदा करून पाहावं. एका कोपऱ्यावर होकायंत्र घेऊन उभं राहायचं. पुढच्या कोपऱ्यावर एक जण लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दांडा धरून उभा असतो. होकायंत्रातून त्या दांड्याकडे बघायचं आणि तो कोणत्या दिशेला आहे ते अंशांत वाचायचं. मधलं अंतर टेपनं मोजायचं, पुढच्या कोपऱ्यावर जायचं, पुन्हा तेच. असा सगळ्या वस्तीला वळसा घालून निघालो तिथेच परत यायचं. मग तेच आकडे घेऊन कागदावर रेघा ओढायच्या. रस्त्यावरून फिरून माणूस घरी आला असेल तर कागदावरही तो घरीच यायला हवा. आला, तर नकाशा जुळला. नाही आला, तर कुणीतरी माती खाल्ली.

विभागाचा नियम कडक होता. तिसऱ्या वर्षी भूगोल हा मुख्य विषय हवा असेल, तर स्वतः होकायंत्र वाचून केलेला निदान एक जुळलेला नकाशा पाहिजे. एका नकाशाला वाचणारा एकच. दोघांनी मिळून वाचलेला चालायचा नाही. ज्याचा नकाशा नाही, त्यानं दुसऱ्या वर्षाचं हे काम पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा करायचं.

मावशीच्या गटात तिघं होती. टकळीचा नकाशा केव्हाच होऊन गेला होता. ही मुलगी आकडे वहीत लिहिता लिहिता अखंड बोलायची, आणि तरी आकडा कधी चुकायचा नाही, हे एक आश्चर्यच. तिसरा लंबू. अंगानं ताड, स्वभावानं गाय. त्याला ढग फार आवडायचे. ढग बघता बघता तो जिन्यावरून पडला होता, दारावर आपटला होता आणि एकदा चुकून रसायनशास्त्राच्या तासाला जाऊन शेवटपर्यंत बसला होता. हवामानाचा अभ्यास करायचा हे त्याचं ठरलेलं होतं, आणि त्यासाठी भूगोल मुख्य विषय मिळायला हवा होता. मावशीचा आणि त्याचा नकाशा अजून व्हायचा होता. गटाला दोन दिवस मिळाले होते, मंगळवारी मावशी आणि बुधवारी लंबू. त्यानंतर होकायंत्रं तपासणीला जाणार आणि परीक्षा उरकल्यावरच परत येणार होती.

मंगळवारी सकाळी मावशीनं दोघांना दुकानासमोर रांगेत उभं केलं. होकायंत्राची सुई लोखंडाला भुलते, म्हणून आसपास लोखंड नको, हे मॅडमनी शंभरदा सांगितलं होतं. मावशीनं झडतीच घेतली.

"चाव्या काढ. फोन टेबलावर. टकळे, केसातला चाप काढ."

"मावशी, मी नुसती लिहिणार आहे, वाचणार नाही!"

"तू माझ्या शेजारीच उभी राहणार ना? काढ. लंबू, बेल्ट."

"बेल्ट? मावशी, मी तर लांब दांडा घेऊन उभा असणार."

"येता-जाता जवळ येशीलच. बकल केवढं आहे बघ, घोड्याला चालेल. काढ."

लंबूनं बेल्ट काढला. पँट जुनी होती आणि लंबू कंबरेला वाळलेला, त्यामुळे दिवसभर त्यानं एका हातानं दांडा धरला आणि दुसऱ्या हातानं अब्रू. मावशीनं स्वतःच्या बांगड्याही काढून ठेवल्या. सोन्याला सुई भुलत नाही हे तिला माहीत होतं, पण नियम म्हणजे नियम.

दिवस झकास गेला. मधूनमधून वारा सुटला की ती होकायंत्राला डाव्या हाताचा आधार देऊन वाचत होती. टेप तर तिच्या हातातलं खेळणं. शेजारपाजारचे बघायला थांबत आणि ती मुद्दाम मोठ्यानं आकडे सांगे. दुपारी तिघं विभागात बसली आणि मावशीनं पेन्सिलला टोक काढून रेघा ओढायला घेतल्या. टकळीची बडबड आपोआप थांबली, यावरूनच काय ते समजावं.

शेवटची रेघ दुकानावर यायला हवी होती. ती तळ्यात गेली. काठावर नाही, चांगली मधोमध.

मावशीनं पुन्हा काढलं. पुन्हा तळ्यात. इकडून तिकडे बघितलेली दिशा आणि तिकडून इकडे बघितलेली दिशा बरोबर उलट यायला हवी. ती कुठे येत होती, कुठे सपशेल येत नव्हती. काही रेघा ठीक, काही वेड्या. मॅडम आल्या, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी वही बघितली आणि पहिलाच प्रश्न नेमका विचारला.

"यंत्राजवळ लोखंड होतं का?"

"शक्यच नाही, मॅडम," मावशी म्हणाली. "मी स्वतः सगळ्यांची झडती घेतली. ह्याचा तर बेल्टसुद्धा काढायला लावला."

मावशीच्या शब्दाला विभागात वजन होतं. मॅडमनी मान हलवली. "मग दांडा. दांडा हलला असेल."

सगळ्यांनी लंबूकडे बघितलं. लंबूनं जमिनीकडे बघितलं. पोरगं एवढं सरळ, की नाही म्हणायचं त्याला सुचलंच नाही. "एकदोनदा हलला असेल, मॅडम. पँट... म्हणजे, मी सावरत होतो."

"आणि वर बघत होता!" मावशीचा पारा चढला. "माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी! माझा नकाशा चाललाय आणि हा ढग मोजतोय!"

मॅडम वाईट नव्हत्या, पण हिशोबाला पक्क्या होत्या. ज्याच्यामुळे नकाशा बिघडला, त्यानं तो भरून द्यायचा. बुधवारचा दिवस त्यांनी लंबूच्या नावावरून काढला आणि मावशीच्या नावावर लिहिला. लंबू 'हो' म्हणाला आणि दांडा कोपऱ्यात उभा करायला गेला. तो तिथून बराच वेळ वळला नाही. मावशीला थोडं लागलं, पण थोडंच. आपली चूक नाही, मग आपण का सोसावं?

घरी नवरा जेवता जेवता हसला. तो पोस्टात होता. "म्हणजे तुझं दुकान तळ्यात गेलं? बरं झालं सांगितलंस. उद्यापासून तुझी पत्रं होडीनं पाठवतो." मावशी हसली नाही. तेव्हा त्यानं समजुतीच्या स्वरात विचारलं, "पण पोराचं काय आता?" ती म्हणाली, "करेल पुढच्या तुकडीबरोबर. वय आहे त्याचं." आणि तिनं ताटं उचलली.

बुधवारी सकाळी विभागात जाण्याआधी तिला दुकानात एका पँटची घडी टाचून द्यायची होती. मॅडमनी काल तिच्याकडेच ठेवायला दिलेलं होकायंत्र काचेवर बोटांचे डाग पडले म्हणून पुसायला बाहेर काढलेलं, टेबलावर उघडंच होतं. मावशीनं पँट पुढ्यात ओढली आणि डाव्या मनगटावरची टाचणी उचलली. मनगटावर तिचं चुंबक असायचं. घड्याळासारखा पट्टा, वर वाटोळी चकती आणि चकतीवर टाचण्यांचा गुच्छ. दातांत टाचण्या धरू नका असं डॉक्टरनं बजावल्यापासून ते तिच्या हातावर होतं. सकाळी ती ते अंगावरच्या कपड्यांसारखं चढवायची. नंतर टाचण्या काढून ठेवल्या तरी चुंबक बाहीखाली तसंच राहायचं.

टाचणी लावायला तिनं डावा हात पुढे नेला आणि टेबलावरची सुई गर्रकन फिरली.

हात मागे घेतला. सुई जागेवर आली. हात पुढे. सुई पुन्हा फिरली, धन्याला ओळखणाऱ्या कुत्र्यासारखी थेट तिच्या मनगटाकडे.

मावशी स्टुलावर बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपण लोकांना म्हणतो. पोरीच्या केसातला चाप काढला, पोराचा बेल्ट काढला, स्वतःच्या सोन्याच्या बांगड्यासुद्धा काढल्या, आणि त्याच मनगटावर लोहचुंबक मिरवत दिवसभर होकायंत्राला आधार दिला. डाव्या हाताचा आधार असेल तिथे वेडी रेघ. नसेल तिथे शहाणी. कोडं सुटलं होतं, आणि ते फक्त तिला एकटीला ठाऊक होतं.

यापुढे जे तिच्या मनात आलं ते सांगितलंच पाहिजे, कारण ते आलं होतं. तिनं चुंबक काढलं आणि खणात टाकलं. आता काय? आता नकाशा आपोआप जुळेल. सगळे म्हणतील, बघा, आज लंबूनं दांडा नीट धरला. कुणाला काही कळणार नाही. आणि कळवून तरी काय उपयोग? दिवस एकच, नकाशा एकच. लंबू विशीचा, त्याला एक वर्ष म्हणजे किस झाडकी पत्ती. आपण किती वर्षं थांबलो? तिनं खण बंद केला, होकायंत्र पिशवीत घातलं आणि कुलूप लावलं. वाटेत तिनं हाच हिशोब पुन्हा पुन्हा केला, आणि दरवेळी तो तिच्याच बाजूनं सुटला. शिवणकाम करणाऱ्या माणसाला कळतं, की जे कापड इतकं ओढून जुळवावं लागतं ते मुळात तिरकं कापलेलं असतं. पण तिनं तिकडे काणाडोळा केला.

विभागाच्या पायरीवर लंबू बसला होता. शेजारी दांडा. इतक्या लवकर तो कधी कुठे पोचल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तिला बघून तो उठला आणि घाईघाईनं म्हणाला, "मावशी, आज नाही हलणार. शप्पथ. काल गच्चीवर उभा राहून सवय केली. वर अजिबात बघितलं नाही. ढग चांगले होते तरी."

इतकी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलेली, आणि हा संन्यासी दोर नीट बसतोय ना ते विचारत होता.

"चल माझ्याबरोबर," ती म्हणाली.

"कुठे?"

"मॅडमकडे. चल म्हटलं ना!"

मॅडमच्या खोलीत टकळी आधीच बसून मॅडमचं डोकं खात होती. मावशीनं प्रस्तावना केली नाही. प्रस्तावना केली तर आपण मधेच थांबू, हे तिला ठाऊक होतं. "मॅडम, दांडा नव्हता हलला. लोखंड माझ्याच हातावर होतं. लोखंड कसलं, लोहचुंबक. टाचण्यांचं. आज सकाळी कळलं."

टकळी म्हणाली, "अगं बाई!"

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आधी त्या हसल्या. त्यांना आवरेचना. शिंप्याचं चुंबक होकायंत्राला भिडवणारा विद्यार्थी एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांना भेटला नव्हता. मग त्या गंभीर झाल्या. "मावशी, मुद्दाम केलेलं नाही तुम्ही. दिवस तुमच्या नावावर लिहून झालाय. एकच दिवस आहे, दुसरा मी कुठून आणू? तुम्ही दोघं ठरवा आणि मला सांगा."

आता हे सगळ्यात अवघड होतं. मॅडमनी दिवस काढून घेतला असता तर मावशी रडली असती, पण सुटली असती.

लंबूच आधी बोलला. "मावशी, तुम्हीच करा. खरंच. मी काय, पुढच्या वर्षी करीन. माझं वय आहे."

काल रात्री जेवताना आपण बोललो तेच शब्द त्याच्या तोंडून ऐकताना मावशीला ते भलतेच स्वस्त वाटले. ती म्हणाली, "वय आहे म्हणून तुझा दिवस माझा होतो का रे? तुझा होता. मी घेतला होता. परत घे." आणि पिशवीतून होकायंत्र काढून तिनं त्याच्या हातात ठेवलं. ठेवताना तिची बोटं क्षणभर सुटेनात. मग सुटली.

निघण्यापूर्वी तिनं त्याला दुकानात नेलं, बेल्ट काढायला लावला आणि पँटच्या कंबरेला दोन्ही बाजूंनी चार टाके घातले. "हलू नकोस," ती म्हणाली, आणि दोघंही हसली, कारण हलण्यावरून कालपासून पुरेसं रामायण झालं होतं.

मग लंबूनं वाचलं आणि मावशीनं दांडा धरला. दांडा धरणं हे काम किती कंटाळवाणं असतं हे तिला पहिल्या कोपऱ्यावरच समजलं. काही करायचं नसतं, आणि ते न करणं सतत करायचं असतं. तिसऱ्या कोपऱ्यावर एक जुनं गिऱ्हाईक येऊन थबकलं. कालच्या आकड्यांच्या वेळी ही बाई कौतुकानं थांबली होती.

"काय हो, काल तर तुम्ही मुख्य होतात! आज दांडा?"

"हो," मान न वळवता मावशी म्हणाली.

"आणि माझा परकर कधी मिळणार?"

"उद्या. बाजूला व्हा, तुम्ही दिशेत उभ्या आहात."

लांबून लंबू ओरडला, "मावशी, थोडं डावीकडे! अजून! बस्स!" भर रस्त्यात विशीचं पोरगं तिला कुठे उभं राहायचं ते सांगत होतं आणि ती राहत होती. तिला वाटलं होतं वाईट वाटेल. थोडं वाटलंही. पण लंबू होकायंत्राला डोळा लावायचा तेव्हा त्याला ढग-बिग काही दिसत नव्हतं, आणि हे आधी आपण कधी बघितलंच नाही, याचं तिला जास्त वाईट वाटलं.

दुपारी टकळी आकडे वाचत गेली आणि लंबू रेघा ओढत गेला. हात घामानं ओला, म्हणून दर रेघेला शर्टाला पुसत होता. मावशी मागे उभी होती. त्याची पेन्सिल बोथट झाली तेव्हा तिनं न बोलता स्वतःची पुढे केली. वस्ती हळूहळू कागदावर उतरली. शाळेचा कोपरा, बाजाराची वळणं, तळ्याचा काठ. शेवटची रेघ तळ्याला वळसा घालून आली आणि दुकानापाशी थांबली. अगदी दुकानावर नाही, मधे नखाएवढी फट राहिली. एवढी फट नियमात बसत होती. टकळीनं किंकाळी फोडली आणि शेजारच्या वर्गातून कुणीतरी गप्प बसा म्हणून ओरडलं.

मॅडमनी फट मोजली, वही बघितली आणि कोपऱ्यात सही केली. लंबूचं तिसरं वर्ष, मुख्य विषय भूगोल, पक्कं झालं. त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि मावशीकडे बघितलं.

"तुमचं काय मग?"

"पुढच्या वर्षी," मावशी म्हणाली. आवाज हलका ठेवायचा तिचा प्रयत्न होता आणि तो बऱ्यापैकी साधला. "नवी पोरं येतील. त्यांना वळण लावायला कुणीतरी हवंच."

"नव्या पोरांना दांडा धरता येणार नाही," लंबू म्हणाला. नकाशावरून नजर न उचलता तो अगदी सहज बोलत होता, उद्या पाऊस नाही असं सांगावं तसं. "पुढच्या वर्षी तुमचा दांडा मी धरीन. तिसऱ्या वर्षाचे तास दुपारी असतात. सकाळी मोकळाच आहे मी."

मावशीला यावर काहीतरी सणसणीत बोलायचं होतं. त्याऐवजी तिनं खुर्ची ओढली आणि लंबूच्या शेजारी बसली.